मालिंडाचा दुसरा पंचनामा

लिंबर क्रीक, साउथ कॅरोलायना
१४ ऑक्टोबर १८५७

प्रिय टॅबिथाताई,

तुझं पत्र पोचून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे अंथरुणाला कुणी खिळलेलं नाही. तुझ्या भावजयीचा, रूथचा, खोकला कमी आहे. माझा उजवा गुडघा मात्र घोड्यावर चढताना रोज मला शिव्या देतो. कापूस निम्मा वेचून झाला, मका बरा आला, डुकरं यंदा बारीकच आहेत. अलाबामात तुमच्याकडे पाऊस कसा झाला ते कळव. तुला आता अक्षर दिसत नाही आणि पत्रं केरेन वाचून दाखवते, हे कळून वाईट वाटलं. तिनं लिहून घेतलेलं तुझं पत्र मात्र एका दमात वाचता आलं. पोरीचं अक्षर सुरेख आहे.

कोरोनरचं काम काही संपत नाही. जिल्ह्यात कुणी अचानक मेलं की मला बोलावणं येतं. जायचं, आजूबाजूचे बारा शेतकरी पंच म्हणून गोळा करायचे, मढ्यासमोर त्यांना शपथ द्यायची, आणि मरण कशानं आलं ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. गेल्या महिन्यात तीन पंचनामे झाले. एक म्हातारा दारू पिऊन गिरणीच्या तळ्यात बुडाला. दोन चुलतभाऊ एका डुकरिणीवरून भांडले आणि धाकट्याच्या पोटात सुरा गेला. थोरला तिथंच बसून रडत होता आणि मलाच विचारत होता, "आता काकूला तोंड कसं दाखवू, तुम्हीच सांगा." तिसरा होल्कोंबच्या शेतावरचा गुलाम. ऊन लागून मेला, असं बारा जणांनी लिहिलं. त्याला उलटून पाठ कुणी पाहिली नाही. मीही पाहिली नाही.

अकरा वर्षं झाली, ताई. मी थकलोय. रात्रभर झोपतो आणि थकलेलाच उठतो.

तू विचारलेलं सोडून मी बाकी सगळं लिहीत बसलोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. लहानपणीही मी असाच करायचो आणि तू कान धरायचीस. तर तू विचारलंस ते असं: जावई अँब्रोजचं पत्र आलंय, घरात बाई नाही, मालिंडाची दोन्ही पोरं लहान आहेत, केरेनला घर सांभाळायला पाठवा, पुढं जमलं तर लग्नही करून टाकू, नाताळाआधी गाडी घेऊन तिला न्यायला येतो. आणि तू मला विचारतेस, "ओबेदाया, तू तिथला आहेस. माझ्या थोरलीला शेवटचं तूच पाहिलंस. माणूस कसा आहे ते सांग. धाकटीला पाठवू का?"

पाठवू नकोस.

आता कारण लिहितो. मागच्या वर्षी मी कळवलं की मालिंडाला झटका आला आणि ती शांतपणे गेली. त्यावर तू विचारलंस, हिला जन्मात कधी झटका आला नव्हता, मग आताच कसा आला? त्याचं उत्तर मी दिलं नाही. त्यानंतरच्या तीन पत्रांत तुला हवापाणी कळवत राहिलो.

त्या दिवशी मी पोचलो तेव्हा मालिंडाला न्हाऊमाखू घालून, दोन खुर्च्यांवर फळी टाकून ठेवलं होतं. अंगावर तो राखाडी झगा, गळ्याशी उंच गळपट्टी, तिला टाचणी लावलेली. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. मेलेलं बाईमाणूस असलं की पंच तोंड आणि हात बघतात, कपड्याला कुणी बोट लावत नाही. अँब्रोज भिंतीशी उभा राहून रडत होता. "मामा, विहिरीपाशी पडली हो. मी धावत गेलो तोवर सगळं संपलं होतं." रडणं खरं होतं, हे मी आजही म्हणेन. तो चर्चमधला मोठा माणूस, आणि बारा पंचांतल्या आठ जणांच्या कापसाची सरकी त्याच्याच जिनिंगमध्ये निघते. त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार?

"उरक रे ओबेदाया," लेम्युएल गोफोर्थ म्हणाला. "माझी गाय कास तटून उभी असेल."

"काय लिहू?"

"देवाची इच्छा म्हणून लिही. देव काही तक्रार घेऊन यायचा नाही."

"हळू बोल, मढं आहे समोर," दुसऱ्या कुणीतरी दटावलं.

"मढ्याला ऐकू येत असतं तर ओबेदायाला काम कशाला उरलं असतं?" असं लेम्युएल म्हणाला आणि दोघंतिघं हसले. मीही हसलो, ताई. तुझी लेक फळीवर होती आणि मी हसलो.

मग ते ओसरीवर ताक प्यायला गेले. मी कागद पुरा करायला आत थांबलो. तेवढ्यात घरातल्या गुलाम बायकांपैकी एक, जिनं तिला न्हाऊ घातलं होतं, गळपट्टी नीट करायला आली. तिचं नाव मी कागदावर आणणार नाही. तिच्यासारखीचा शब्द गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात चालत नाही, आणि बोलली म्हणून तिची काय गत होईल ते तुला सांगायला नको. ती बोललीच नाही. तिनं टाचणी काढली, गळपट्टी खाली ओढली आणि तशीच धरून उभी राहिली. एका बाजूला चार बोटांचे वळ होते, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा, काळेनिळे. माझं बघून होईपर्यंत तिनं हात हलवला नाही. मग टाचणी परत लावली आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.

'देवाच्या इच्छेनं मरण' असं लिहिलेला कागद घेऊन मी ओसरीवर गेलो. सातांनी सह्या केल्या, लिहिता न येणाऱ्या पाचांनी फुल्या मारल्या. सगळ्यांच्या खाली मी सही केली.

स्वतःला मी कारणं पुष्कळ दिली. पोरांचा बाप जाईल. साक्षीला कोण उभं राहणार? तुला ऐकवणार नाही. यातलं एकही खरं नाही. मी घाबरलो होतो, आणि मला घरी जायचं होतं.

केरेन बाळ, हे तू आईला मोठ्यानं वाचतेयस, म्हणून तुझ्याशीच बोलतो. तू सतरा वर्षांची आहेस. अँब्रोज येईल तेव्हा चांगले कपडे घालून येईल, बहिणीच्या पोरांची नावं घेईल, रडेलही. तुला पोरांची दया येईल. तरी त्याच्या गाडीत पाय ठेवू नकोस. सोबत एक वेगळा कागद जोडलाय. तो ऐकेना तर तो कागद त्याच्या हातात दे, पण तुझे काका आणि शेजारचे दोनचार पुरुष ओसरीवर असतानाच. हे पत्र मात्र त्याला दाखवू नकोस, त्या बाईसाठी. वाचून झालं की चुलीत घाल. त्या कागदाची दुसरी प्रत वसंतात न्यायाधीश इकडे फिरतीवर आले की मी त्यांना देणार आहे. बारा पंच मला खोटं पाडतील. माझं कोरोनरपण जाईल. जाऊ दे. रूथला सांगितलंय. ती म्हणाली, "वर्ष लावलंत हो."

कागदावर आहे ते असं:

"मी, ओबेदाया हार्गिस, या जिल्ह्याचा कोरोनर, शपथेवर लिहितो की मालिंडा, अँब्रोज टिंडलची बायको, वय तेवीस, ही देवाच्या इच्छेने मेली नाही. तिचा गळा हाताने दाबला होता. खुणा मी स्वतः पाहिल्या, मला कुणी सांगितल्या नाहीत. त्या दिवशी घरात तिच्या नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष नव्हता. आधीचा पंचनामा खोटा आहे, आणि सही करताना मला ते माहीत होतं."

ताई, अजून एक राहिलं. ते त्या कागदात नाही, कारण त्याला कायद्यात कलम नाही.

मरायच्या पाच आठवडे आधी मालिंडा माझ्याकडे आली होती. भर ऑगस्टात खेचरावर बसून, धाकट्याला पुढ्यात घेऊन. रूथ तिच्या बहिणीकडे गेली होती, मी एकटाच होतो. पोरगी ओसरीवर बसली आणि म्हणाली, "मामा, कापूस निघेपर्यंत राहू का तुमच्याकडे?"

"अँब्रोजला विचारलंस का?"

"त्याला ठाऊक नाही."

तेव्हाही तिच्या गळ्याशी ती उंच गळपट्टी होती. घामानं ओली झालेली. मी म्हटलं, "अगं, सोड ती जरा, किती उकडतंय." ती म्हणाली, "असू दे मामा. बरी आहे मी."

मला कळलं होतं, ताई. आयुष्यभर मी मढीच बघत आलोय, मला कळणार नाही? मी तिला सांगितलं की संसारात थोडं सोसावं लागतं, आणि एक पिशवी पीच दिले. मग खेचराचा लगाम मीच हातात घेतला आणि तिला ओढ्यापलीकडे सोडून आलो. पलीकडे गेल्यावर तिनं वळून पाहिलं नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

केरेन, हेही आईला वाचून दाखव. गाळू नकोस. आपल्या घरात गाळणारा मी एकटा पुरे झाला.

ताई, उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

मालिंडाला ज्यानं परत पाठवलं, तो तुझा भाऊ,
ओबेदाया