बैलांवरची ताडपत्री

उमेळे, रविवार संध्याकाळ, डिसेंबर १९९६

लग्नानंतर आज पहिल्यांदा बैलगाडीची शर्यत पाहिली. पाहिली म्हणजे काय, पावसातून दोन ओल्या पाठी पळताना दिसल्या, तेवढंच.

डिसेंबरात पाऊस येईल असं कोणाला वाटलं होतं? काल अलिबागजवळच्या किनाऱ्यावर पोचलो आणि जो सुरू झाला तो थांबेचना. मुक्काम टेम्पोतच. मागे सर्जा-राजा ही बैलजोडी, पुढच्या अर्ध्या भागात गादी, स्टोव्ह, मी आणि चिंगी. ताडपत्री एकच. ती ह्यांनी बैलांवर ओढली. मला विचारलंसुद्धा नाही.

"बैल गारठले तर उद्या पाय उचलणार नाहीत," म्हणाले.

आणि पोर गारठली तर? तिला पदराखाली धरून रात्र काढली. गादी पिळण्याइतकी भिजली. बैल मात्र कोरडे.

जिंकले. गुलालाचा चिखल झाला तरी हे नाचतच होते. घरी आलो तर सासूबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या. माझ्या कडेवर चिंगी तापाने फणफणलेली. म्हणाल्या, "तू जरा बाजूला हो गं, आधी सर्जाला ओवाळते."

झाले बाजूला.

वर ती ताडपत्री धुऊन वाळतही मीच घातली. मग चिंगीला औषध देऊन निजवलं, कोयता घेतला, मागच्या दारी गेले आणि ताडपत्री मधोमध कापली.

हे विचारतीलच. सांगेन, तुमच्या बैलांची अर्धी तिथेच दोरीवर आहे. चिंगीची मी पुसून, घडी घालून कपाटात ठेवली आहे.