आमच्या घरातलं पित्त

प्रिय खारूताई,

नळीत थुंकण्याआधी अर्धा तास चहा प्यायचा नाही, हा नियम काढणाऱ्या माणसाला सकाळ कधी झालेलीच नसावी. नैराश्य आनुवंशिक असतं का, या संशोधनात तू नाव घातलंस आणि आम्हा नातेवाइकांच्या लाळेला एकदम भाव आला. पण जन्मभर अखंड बोलणाऱ्या तुझ्या आत्याचं तोंड नेमकं नळीसमोर कोरडं पडावं? शेवटी वहिनीने शेजारी बसून लिंबाचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा कुठे रेघेपर्यंत भरली.

तू पुन्हा कामावर जातेस, पोटभर जेवतेस, फोनवर माझी टिंगल करतेस. घर खुशीत आहे. पण मागे तू विचारलं होतंस, हे माझ्यातच कुठून आलं, माझंच मन कच्चं आहे का, आणि आम्ही सगळे गप्प बसलो होतो. परवा संशोधनवाल्या बाईंनी घरी येऊन तेच विचारलं, तर सगळ्यांना कंठ फुटला. वहिनी म्हणाली, माझ्या माहेरी असलं काही नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही नाही. तुला आपली रीत ठाऊकच आहे: तुझं गणित आणि तुझे केस दोन्ही घराण्यांनी आपापल्याकडे ओढले, आळस आणि नाक मात्र समोरच्यांचं. बाईंनी शांतपणे समजावलं, असं एकच जनुक नसतं. शेकडो बारीक फरक दोन्हीकडून येतात, मिळून जरासा कल देतात, बाकीचं आयुष्य करतं. वहिनीचा चेहराच उतरला. संपूर्ण खापर फोडावं असं कुणी उरलंच नाही.

मग तुझ्या बाबांची, आमच्या दादाची पाळी. चष्म्याच्या दुकानातून त्याला ओढून आणलं होतं. कधी काही झालं होतं का? नाही. लग्नाआधी एकदा पित्त झालं होतं, तेवढंच. मीही मान डोलावली. आमच्या घरात ते पित्त प्रसिद्ध आहे. कसं होतं पित्त, बाईंनी विचारलं. दादा चष्मा पुसत सांगत गेला. पहाटे अंधारात जाग यायची. भांडी वाजली तरी रडू यायचं. कंगवा उचलायचा तर हातच जड व्हायचा. महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. बाई लिहायच्या थांबल्या.

"काका, हे पित्त नव्हतं."

दादा बराच वेळ त्याच काचेवरून फडकं फिरवत राहिला. "पोरीनेही कंगव्याचंच सांगितलं होतं," एवढंच बोलला, आणि नळी घेऊन आतल्या खोलीत गेला. आठवतं ना, तू ते सांगितलंस तेव्हा तो तुला "मन घट्ट कर" म्हणाला होता आणि भर सुट्टीच्या दिवशी दुकान उघडून बसला होता.

हे पत्र खरं तर त्याचं आहे. चष्म्याच्या नंबरापलीकडे त्याने आयुष्यात काही लिहिलेलं नाही. काल स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "तिला कळव, हे माझ्याकडून गेलंय. तिचं मन कच्चं नाही." मी म्हटलं, अरे, दोन्हीकडून येतं, बाई म्हणाल्या ना. तर म्हणतो, ते त्यांच्या संशोधनात राहू दे, तू माझं नाव लिही. आणि स्वतःचा मीठमसाला लावू नकोस.

आपल्या घरात आजवर कुणी कशाचं खापर स्वतःहून मागून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याचा निरोप माझ्याकडे होता, तो जसाच्या तसा दिला.

तुझीच,
आत्या