पाहुण्यांच्या जर्सीतला भाचा

प्रिय डेव्हॉन,

जाहिरातींच्या जास्त पैशासाठी आपल्या गावच्या कॉलेजचा फुटबॉल संघ सोडून दुसऱ्या कॉलेजकडून खेळू का, असं तू विचारलंस, तेव्हा "गुडघे शाबूत आहेत तोवर कमावून घे," असं मीच म्हणालो. गावात मात्र हे कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी तू पाहुण्यांच्या जर्सीत इथं खेळायला आलास. सगळं स्टेडियम तुझी हुर्यो उडवत होतं. शेजारी बसलेला क्लीटस म्हणाला, "काय रॉस्को, भाच्यासाठी तोंड शिवलंस का?"

मग मीही उभा राहून ओरडलो, "विकाऊ!"

नेमकं तेव्हाच तू वर पाहिलंस आणि हसून हात हलवलास.

आज तुझी आई फोनवर म्हणाली, "डेव्हॉन सांगत होता, एवढ्या गर्दीत मामा एकटाच माझ्यासाठी ओरडत होता."

मी "हो" म्हणालो. खरं सांगायला हे पत्र लिहिलं, पण पाठवायचा धीर होत नाही.

तुझाच म्हणवणारा,
रॉस्कोमामा