एकच हुकूम, दोनदा

ठाणे, सोमवार, ४ फेब्रुवारी १८९५
गिरणीचे पंचवीस शेअर विकायचे ठरले. मुलींच्या शाळेला एक खोली हवी आहे; सरकारला अर्ज करून मी थकले. सकाळी कोर्टात जाताना ह्यांनी मुंबईला भाऊजींना तार केली. धाकटे दीर बाजारात दलाल आहेत, एवढा उपयोग तरी व्हावा. पण मला तारेचा भरवसा नाही. चार शब्दांत कसला व्यवहार? रीतसर पत्र लिहिले, ह्यांची सही घेतली, टपालात टाकले. तारेचा उल्लेख केला नाही. गरज वाटली नाही.

बुधवार, ६
दुसरीच्या मुली पाढ्यांत कच्च्या. दोघींना उभे केले. त्यातली एक जाताना शेवंतीची फुले देऊन गेली. घेतली.
भाऊजींची तार, सौदा झाला. हे खूश.

गुरुवार, ७
संध्याकाळी भाऊजी स्वतःच हजर. वालाचे बिरडे केले होते, तेही पानात टाकले. तेव्हाच समजले, काहीतरी बिघडले आहे.
सोमवारी तारेवरून पंचवीस विकले. मंगळवारी माझे पत्र पोचले. हे आणखी पंचवीस, असे समजून तेही विकले!
"अहो, पण आमच्याकडे होते ते पंचवीसच!"
"मला वाटलं, दुसऱ्या कुणाचे असतील."
"मग विचारायचं नाही?"
"वहिनी, तुमच्या अक्षरातल्या पत्राला उलट विचारायचं? मी?"
हे मिशीत हसत होते. मी पाहिल्यावर पानात बघू लागले.

शुक्रवार, ८
हसण्यासारखे नाही. गिरणीचे कोर्टकाम ह्यांच्याकडे. वकिलाच्याच घरचे शेअर लागोपाठ दोन दिवस विकले गेले, तेव्हा गिरणी बुडणार अशी आवई उठली. जो तो विकत सुटला. भाव कोसळला. चुकून विकलेले पंचवीस भाऊजींनी त्याच पडत्या भावात परत घेतले, म्हणजे उलट फायदाच. आता सगळे म्हणतात, मुद्दाम भाव पाडला. उद्या तीन वाजता दलालांची बैठक. त्यांना पटले नाही तर भाऊजींशी कोणी सौदा करणार नाही. तिथे सगळे तोंडी शब्दावर चालते.
सकाळी भाऊजी निघाले तेव्हा मी विचारले, "काय सांगणार उद्या?"
"चूक माझी म्हणून."
"आणि माझं पत्र?"
"घरातलं पत्र चव्हाट्यावर कशाला, वहिनी?"
मी ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आले तेव्हा भाऊजी आठ वर्षांचे होते. कान धरून उजळणी करून घेतली. आणि आता मला पाठीशी घालतात. रागावले. चांगलीच रागावले. मग विहिरीवर जाऊन तोंड धुतले.

शनिवार, ९
पहाटेच्या गाडीने हे मुंबईला गेले, माझे पत्र घेऊन. दलाल मंडळींना उद्देशून. मुलींच्या पाट्यांवर चुकीची फुली रोज मारते; स्वतःवर मारायला अर्धी रात्र नव्हे, पण बराच वेळ गेला. लिहिले ते असे: पत्र माझे, चूक माझी. झालेला फायदा घाबरून विकणाऱ्यांना परत द्यावा. दिरांनी मला उलट विचारले नाही, कारण मी विचारू देत नाही.
हे म्हणाले, "अगं, शेवटचं वाक्य काढ."
नाही काढले.
बाईमाणसाचे पत्र तिथे ऐकून तरी घेतील का?
दुपारी एक वाजता भाऊजींची तार: पत्र पोचले. एकदाच वाचायचे ना?
वेडा आहे. इतकी हसले की तारवाला शिपाई दारातच थबकला. त्यालाच थांबवून उत्तर दिले: एकदाच. पण मोठ्याने.
आता सहा वाजून गेले. बैठक केव्हाच संपली असेल. दुसरी तार नाही. हेही आले नाहीत. बिरडे तिघांपुरते केले आहे.