आत्याजवळची खोली

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी दुसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो, म्हणून ठरल्याप्रमाणे महत्त्वाचं बोलणं पत्रातून. सोबत जहाजाचा नकाशा आहे. बुकिंगच्या बाई तो माझ्या दुकानात घेऊन आल्या. त्यांना चष्मा हवा होता, मला खोली. काउंटरवरच्या फ्रेमा बाजूला सारून आम्ही नकाशा पसरला आणि तासभर जहाजात हिंडलो. तोवर दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली.

खोल्या तीन तऱ्हेच्या आहेत. एक बाल्कनीची, एक न उघडणाऱ्या खिडकीची आणि एक आतली, जिला चार भिंतींपलीकडे काही नाही. वरच्या टोकाची खोली घेतली तर पाळण्यात बसल्यासारखं हलतं, असं बाई म्हणाल्या. मध्यावर कमी हलतं. मी लाल फुल्या मारल्यात तिकडे तू बघूसुद्धा नकोस. एकीच्या डोक्यावर नाचाचा हॉल आहे, एकीच्या खाली स्वयंपाकघर, म्हणजे पहाटेपासून भांडी. एक लिफ्टला चिकटून आहे. तळमजल्यावर मागच्या बाजूला तर इंजिनच आहे, सगळी गादी थरथरते म्हणे. मला सहाव्या मजल्यावरची मधली आवडली आहे. तिच्या वरही खोल्या, खालीही खोल्या, म्हणजे चहूकडे झोपणारी माणसं. दोन सुटे पलंग आहेत, एक तुझा, एक माझा.

भावजी गेले त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून तुला धड झोप नाही. गोळ्यांना तू हात लावत नाहीस आणि मी काही बोलले की विषय बदलतेस. साठी झाली म्हणून भेट वगैरे आपलं म्हणायला. आठ दिवसांत एक दिवस तरी तू सकाळी उशिरा उठलीस तर माझे पैसे वसूल. तुला काय हवं ते मोकळेपणाने कळव.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो जहाजात चढेपर्यंत टिकव म्हणजे झालं.

तुझी,
बारकी

*

११ मार्च

चि. सौ. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नकाशा भिंग घेऊन पाहिला. जन्मभर पोरींना शिवणकाम शिकवलं, पण इतक्या कप्प्यांचा नमुना मी कधी पाहिला नाही. सगळी दारं एकसारखी. मी चुकून भलत्याच माणसाच्या खोलीत शिरले तर जबाबदारी तुझी.

खरं सांगते, मला जायची भीती वाटते आहे. समुद्राची नाही. इथे रात्र खायला उठते, ती जहाजात खाणार नाही कशावरून? माझा हा फ्लॅट मागच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर. इतकी शांतता, की शेजारच्यांनी नळ बंद केला तरी कळतं. सगळे म्हणतात नशीबवान आहेस. मी पहाटेपर्यंत छताकडे बघत पडते. तिथे मी टक्क जागी आणि तूही माझ्यापायी जागी, असं व्हायचं असेल तर पैसे पाण्यात. अक्षरशः. तेव्हा अजून वेळ आहे, रद्द करायचं तर कर, मी रागावणार नाही.

जायचंच असेल तर बाल्कनी नको, खिडकीचाही हट्ट नाही. लहानपणी आत्या जवळ असली की मी पडल्यापडल्या झोपायची. तशी आत्याजवळची खोली मिळाली तर तेवढी बघ. मग बाकी काही नसलं तरी चालेल.

तुझ्या नवऱ्याला सांग, त्याने दिलेल्या घड्याळाची टिकटिक फारच सभ्य आहे, कानावर येतच नाही. अशीच माया ठेव आणि गिऱ्हाइकांना हाकलू नकोस.

तुझी,
ताई

*

१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाचून जरा लागलंच. मी आपली महिनाभर खोल्या शोधते आहे आणि ताईला जवळ हवी कोण, तर आत्या. आता आत्या म्हणजे काही लोण्याचा गोळा नाही. अख्खी हयात इस्पितळात मेट्रन म्हणून काढलेली बाई. अजून तिच्यासमोर मी चादरीची घडी नीट घालते. पण मग विचार केला, ज्याची त्याची झोप. मी तुझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, तुझ्या लहानपणचं मला काय माहीत?

तेव्हा ऐक, मी करून टाकलं आहे. माझ्या जागेवर आत्याचं नाव घातलं. तिला शेजारची खोली देणार होते, पण एकही रिकामी नाही. मग म्हटलं, शेजार कशाला, त्याच खोलीत राहू दे. तीच सहाव्या मजल्यावरची, मधली, सगळ्यात शांत. इंजिनापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. आत्याला काल फोन केला. तू तिचं नाव घेतलंस हे तिने मला दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं, फोन नीट ऐकू येत नाही.

मला सुट्टीचं तसंही कठीणच होतं. दुकान कुणी बघायचं? माझी काळजी करू नकोस. लोभ दोघींवर सारखा वाटावा, आत्याला जास्त देऊ नये.

तुझी,
बारकी

*

२२ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज कपाळाला हात लावून देते आहे.

अगं, आत्या म्हणजे आत्या नव्हे. आत्या म्हणजे मशीन.

तू पाळण्यात होतीस तोवर आपण छापखान्याच्या वर राहायचो हे तुला माहीत आहे. बाबा खाली मोठ्या मशीनवर. ते रात्रपाळीला सुरू झालं की त्याची घरघर भिंतीतून, फरशीतून थेट आमच्या गादीत यायची. आधी लांबलचक घरघर, मग एक खट्ट, मग पुन्हा घरघर. बाबांची बहीण अशीच घोरायची म्हणून बाबांनीच मशीनला आत्या नाव ठेवलं. आत्या झोपली म्हणजे मशीन चालू, आत्या उठली म्हणजे बंद. ते बंद पडलं की घरातले सगळे दचकून जागे व्हायचे. पुढे कुणीतरी हे आत्याच्या कानावर घातलं. ती सहा महिने आपल्याकडे फिरकली नाही आणि घरात तो शब्द बंद झाला. तुला कळणार कुठून?

छापखाना सुटल्यापासून माझी झोप अर्धीच झाली होती, लग्न झालं तेव्हा मला वाटलं, आता परक्या घरात कसं होणार. पण हे पहिल्याच रात्री असे घोरले की मी मनात म्हटलं, चला, सोय झाली. तीस वर्षं माणसं मला विचारायची की कशी गं झोपतेस. मी झोपायची ती त्यामुळेच. आता कशी झोपू?

म्हणून मला ती इंजिनाची खोली हवी होती, जिच्यावर तू सगळ्यात मोठी लाल फुली मारलीस. आणि दुसऱ्या पलंगावर मला तूच हवी होतीस, दुसरं कोण? आत्याबद्दल मला आदर आहे. पण आठ दिवस तिच्याबरोबर एका खोलीत म्हणजे आगीतून फुफाट्यात. ती मला नऊ वाजता दिवा बंद करायला लावेल. काहीतरी कर आणि मला सोडव.

रागावले नाही. पण लोभ सध्या विचाराधीन आहे.

तुझी,
ताई

*

२३ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यावर बाजारात जाऊन चाकांची बॅग आणली. निळी. ढकलून पाहिली, डावं चाक जरा कुरकुरतं, तेल घातलं. इमारतीत सगळ्यांना सांगितलं आहे, त्यामुळे आता बेत बदलायचा नाही.

खोली मध्यावर घेतलीस हे शहाणपणाचं. स्नानघराचा उंबरठा किती उंच आहे ते विचारून ठेव. गाद्या कडक असाव्यात. पलंगांमध्ये हात पोहोचेल इतकंच अंतर असावं. आजाऱ्याच्या खाटेशेजारी आम्ही खुर्ची तेवढ्यावरच ठेवत असू.

तुझ्या ताईने आपण होऊन माझं नाव घेतलं, याचं मला फार बरं वाटलं. मी कडक बाई आहे. माझं नाव कुणी मुद्दाम सुट्टीसाठी घेत नाही.

दुकान सांभाळ, पाठ ताठ ठेवून बस. लोभ आहे, तो सारखा बोलून दाखवायची मला सवय नाही.

तुझी,
आत्या

*

२८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. हसू की रडू ते कळत नाही. दुकानात तुझं पत्र वाचून इतकी हसले की डोळे तपासायला आलेल्या आजोबांना वाटलं, त्यांनी अक्षर चुकीचं वाचलं.

आता तू सोबतचं आत्याचं पत्र वाच. शेवटून दुसरा परिच्छेद आधी वाच आणि मग मला सांग, नको म्हणून कोण कळवणार. मी तर नाही कळवणार. बुकिंगच्या बाईंकडे जाऊन आले. इंजिनावरच्या खोल्या गेल्या, तिसऱ्या माणसाची जागाही नाही. म्हणजे तुला झोप यावी म्हणून मी अख्ख्या जहाजातली नेमकी तीच खोली शोधून काढली, जिथे तुला झोप लागणार नाही. धन्य माझी.

तू जा. नाहीच जमलं तर निदान समुद्र तरी बघून ये. पुढच्या वेळी इंजिनात जाऊन झोपू, दोघी. लोभ विचाराधीन होता, त्याचा निकाल माझ्या बाजूने लागावा.

तुझी अपराधी,
बारकी

*

जहाजावरून,
१९ एप्रिल

चि. बारकीस,
अनेकानेक आशीर्वाद, या खेपेला कपाळावरचा हात काढून.

हे पत्र उद्या बंदरात टाकेन. खोली छान आहे. अरुंद, पण एकही कोपरा वाया घालवलेला नाही, कपाट उघडलं की आरसा, आरशामागे फळी. खिडकीत नुसतं पाणी. आणि शांतता अशी की माझ्या घरापेक्षा वरचढ. पहिल्या संध्याकाळी दार लावलं आणि लगेच पुन्हा उघडून ठेवलं.

माझ्याने खोटं पचत नाही, तुला माहीत आहे. जेवणाच्या टेबलावरच मी आत्याला सगळं सांगून टाकलं. छापखाना, मशीन, घरघर, खट्ट, तुझा घोटाळा, यांचं घोरणं, माझी छताकडे बघायची दोन वर्षं. ती सूप पीत राहिली. मला वाटलं, आता ही पहिल्याच बंदरात उतरून घरी जाणार. तिने वाटी संपवली, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाली की तुझ्या बापाला नावं ठेवायची वाईट खोडच होती. बस्स, एवढंच.

मग दिवा बंद झाला. नऊ वाजता, मी म्हटलंच होतं. आणि थोड्या वेळाने, बारके, शेजारच्या पलंगावरून सुरू झालं. आधी लांबलचक घरघर, मग खट्ट, मग पुन्हा घरघर. जशीच्या तशी. बाबांच्या कानाला मानलं पाहिजे. मी अंधारात हसत पडले होते, एवढंच आठवतं. उठले तेव्हा नाश्त्याची भांडी उचलत होते.

तेव्हापासून रोज तेच. काल डोळ्यांखाली हात लावून पाहिला, सूज गेली आहे. इथल्या आरशात मी मला ओळखीची वाटले. आत्या दुपारभर वर आरामखुर्चीत झोपते, समुद्राची हवा तिला मानवलेली दिसते. तू चुकून केलंस, पण फार बरं केलंस. निकाल तुझ्या बाजूने. लोभ व्याजासकट परत घे.

तुझी,
ताई

*

जहाजावरून,
२० एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तुझी ताई केस विंचरते आहे तोवर लिहिते. हे पत्र तिला दाखवायचं नाही, मोठ्याने वाचायचं नाही.

मी घोरत नाही. दोन वर्षांपूर्वी नाकातलं हाड सरळ करून घेतलं तेव्हापासून माझ्या नाकातून आवाज म्हणून निघत नाही. तुझ्या ताईने पहिल्या दिवशी जे सांगितलं ते ऐकून मी सूप पिताना आठवत होते, की माझं घोरणं नक्की कसं होतं. आपलं घोरणं आपण कधी ऐकलेलं नसतं. तिनेच सांगितलं, आधी लांब, मग खट्ट. तेवढ्यावर धरलं. पहिल्या रात्री खट्ट मोठ्या कष्टाने जमलं, घसा सुकला. आता हात बसला आहे.

तिला आवाज हवा असतो असं तिला वाटतं. तसं नाही. खोलीत आणखी कुणीतरी श्वास घेतं आहे, हे झोपताना कळावं लागतं. मीही एकटी राहते, मला हे कुणी शिकवायला नको. ती झोपली की मी थांबते आणि जरा वेळ तिचा श्वास ऐकते. रात्रपाळ्या करून मला जागायची सवय आहे, दुपारी खुर्चीत भरून काढते. तेव्हा माझ्या तब्येतीच्या चौकश्या करू नकोस.

एक गंमत सांगते. काल मी थांबले आणि पलीकडून सुरू झालं. आधी लांबलचक, मग खट्ट. मशीनचं नाव आता बदलायला हरकत नाही.

झोपेचं सोंग घेणाऱ्याला जागं करता येत नाही म्हणतात. पण त्याला दुसऱ्याला झोपवता येतं, हे मला या वयात कळलं. घरी परतल्यावर पहिले काही दिवस तिला तुझ्याकडे ठेवून घे, नंतर माझ्याकडे पाठव. तोवर तू घोरायला शिकून ठेव. कठीण नाही. तोंड उघडं ठेवायचं आणि लाज सोडायची.

तुझी,
आत्या

ता. क. लोभ आहे. या वेळी लिहून टाकते.