एकही खिळा नाही

आई,

आपल्या फ्लॅटचा भाडेपट्टा आज एकदाचा वाढवून मिळाला. आता माझ्या नातवंडांनाही कुणी "चला, मुदत संपली" म्हणणार नाही.

मी नवी नवरी असताना तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घर पट्ट्यावरचं आहे, सूनबाई. भिंतीला खिळा मारायचा नाही, दार आपटायचं नाही. मालकाला निमित्तच मिळेल." लहानपणी तुम्हाला राहत्या घरातून सामानासकट बाहेर काढलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तुमच्या नावानं बोटं मोडत होते. घड्याळ फ्रिजवर, आरसा खुर्चीवर, कॅलेंडर दाराच्या कडीला!

आज सह्या झाल्यावर मी वकीलबाईंना हळूच विचारलं, "आता खिळे मारले तर चालतील?"

त्या हसतच सुटल्या. "अहो, खिळ्यांना कधीच बंदी नव्हती!"

मलाही हसू आलं, आणि मग रडू. इतकी वर्षं घर जाण्याची भीती तुम्ही एकटीनं वाहिलीत, म्हणून मी इथे निर्धास्त झोपले. हे तेव्हा कळलं असतं तर तुमच्या पाया पडले असते.

घरी येताच तुमचा लेक हातोडी घेऊन उभा. म्हणे, "पहिला खिळा आईच्या फोटोसाठी."

मी हातोडी काढून घेतली. कपाटाला टेकून बसलात, तशाच बसा. तिथे तुमची नात मांडी घालून तुमच्याशी गप्पा मारते. भिंतीवर गेलात, की तुमचा नुसता फोटो होईल.

अजूनही दार हळू लावणारी,
तुमची सून