पुंगळ्यांचं पिंप

मामंजी, काल माझ्या सुनेने माळा झाडताना तुमचं ते लाकडी पिंप खाली काढलं आणि विचारलं, "आई, हे कसलं हो?" मी पटकन सांगून टाकलं, "मिठाचं." मिठाचं कुठलं आलंय! दोन वाक्यांत खरं सांगून झालं असतं, की तुझ्या आजेसासऱ्यांची बंदूक होती, आणि काडतूस उडवल्यावर मागे जी रिकामी पितळी पुंगळी राहते ती पुन्हा भरण्याआधी आम्ही ह्या पिंपात घालून, फिरवून साफ करायचो. पण मग तिने पुढचं विचारलं असतं, आणि पुढचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही पडवीत खाटेवर होता, डोळ्यावर पट्टी होती, आणि मला सरळ तोंडावर विचारलंत, तेव्हाही नाही. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, आणि खोटं अजून तितक्याच सहज तोंडातून येतं, हे काल कळलं.

मी ह्या घरात आले तेव्हा स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. खाली समुद्राकडे आपली सुपारीची वाडी, वर डोंगराला लागून भाताची खाचरं. सासूबाई आधीच गेलेल्या, तुमचे चिरंजीव मुंबईला गिरणीत, म्हणजे घरात माणसं कोण तर तुम्ही, मी, आणि राहाटाचा बैल हाकणारा गडी. गावात परवान्याची बंदूक एकच, ती तुमची. डुकरं रताळ्यांत शिरली की लोक तुमच्या दारात यायचे, आणि तुम्ही जेवणावरून उठून जायचात. काडतुसं तुम्ही स्वतः भरायचात. पडवीत बसून पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापाने दारू घालायची, वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती, मग छर्रे, मग पुठ्ठ्याची चकती आणि मेण. तुम्ही भरत असताना मी चहा आणला तरी लांब ठेवायचा आणि बोलायचं नाही, असा दंडक होता. घासायचं काम मात्र माझ्याकडे आलं, कारण वस्तू पितळेची, आणि पितळ म्हटलं की मी. माहेरी असल्यापासून मला ते वेड. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, हिच्या तांब्यात तोंड बघून कुंकू लावावं. कोणी असं म्हटलं की माझ्या अंगात यायचं.

पहिल्यांदा तुम्ही मला रागावलात ते ह्याच वेडापायी. मी चिंच आणि राख घेऊन पुंगळ्या अशा घासल्या होत्या, की बघत राहावं. तुम्ही एक उचललीत, बुडावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "सूनबाय, ही समई न्हाय. बुडाच्या रेघांना जपायचं." तेव्हा मला त्या रेघा समजल्या. पुंगळी एकदा उडवली की तुम्ही दाभणाने तिच्या बुडाशी एक बारीक रेघ ओढायचात. आठ रेघा झाल्या की ती बाद. पितळ थकतं, मग ते बुडाशी फाटतं आणि जाळ पुढे जायच्याऐवजी मागे येतो, तोंडावर. जवळचं तुम्हाला नीट दिसत नव्हतं, चष्मा लावायची लाज वाटायची, म्हणून रेघा तुम्ही अंगठ्यानेच मोजायचात. बाद झालेल्या पुंगळ्या मला द्यायचात. मी त्यांत उदबत्त्या खोचायची.

चिंचेने माझी बोटं फुटायला लागली, राखेने आणखी. एकदा भाकरी थापताना मी कळवळले ते तुम्ही पाहिलंत. मी म्हटलं, हे सगळं कशाततरी घालून घुसळून नाही का निघणार, ताकासारखं? मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही हसला नाहीत, विचार करत बसलात, आणि जेवताना म्हणालात, "राहाटाला बांधूया की." मामंजी, त्या आठ-दहा दिवसांइतकं आपण दोघं पुढे कधी बोललो नाही. सासऱ्यासमोर पदर सावरून दाराआड उभी राहणारी मी, आणि इथे आपण विहिरीच्या काठावर डोकं खाजवतोय, कशात फिरवायचं म्हणून. आधी रॉकेलचा डबा बांधला राहाटाच्या कण्याला. तो असा खडखडला की बैलाने दावं तोडलं, आणि पुंगळ्यांची तोंडं चेमटली ती वेगळीच. मग मडकं. ते दुसऱ्या फेऱ्याला फुटलं आणि आपल्याला विहिरीत घागर सोडून पुंगळ्या वेचाव्या लागल्या. गडी म्हणाला, "मामा, ह्यापरीस वैनींची बोटं स्वस्त पडली असती." तुम्ही त्याला शिवी दिलीत आणि हसलात. शेवटी बंदरावरच्या एका गलबताच्या तांडेलाकडून तुम्ही हे छोटं लाकडी पिंप आणलंत. लाकूड पितळेला मारत नाही, म्हणालात. आत तीन पट्ट्या ठोकल्यात, म्हणजे पुंगळ्या नुसत्या घसरत बसणार नाहीत, वर चढून खाली पडतील. आत घालायला भाताचं तूस, सुकं, चाळलेलं. तीन दिवस बैल फिरला की काजळी जायची, चकाकी अशी यायची नाही, पण स्वच्छ व्हायच्या. मी विचारलं होतं, वाळू घातली तर एका दिवसात होईल ना? तुम्ही म्हणालात, "वाळू न्हाय. वाळू रेघ खाईल." इतकं स्पष्ट. मला समजलं नव्हतं, असं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

दोन वर्षं सगळं नीट चाललं. मग त्या थंडीत प्रांतसाहेब शिकारीला येणार असं ठरलं. आपल्या डोंगरात हाका, म्हणजे आरडाओरडा करून डुकरं रानातून बंदुकीसमोर काढायची, आणि बंदुकीवाले म्हणून साहेबांच्या शेजारी तुम्ही. गावात आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. मी अंगण सारवलं, भांडी घासली, आणि मला वाटलं, साहेबांसमोर माझे मामंजी पट्ट्यातून काडतूस काढतील ते कसं दिसायला हवं? तुसाने निघालेलं मळकट पिवळं? काय बाई माझी अक्कल. तुम्ही त्या दिवशी हाकेवाल्यांना सांगायला वरच्या वाडीत गेला होता. मी समुद्रावरून बारीक वाळू आणली आणि पिंपातलं तूस काढून ती घातली. पिंपात तेव्हा सहा जुन्या पुंगळ्या होत्या. गडी बघत होता. म्हणाला, "वैनी, मामांनी तूस सांगितलंय ना?" मी म्हटलं, "तू बैल हाक." संध्याकाळी काढल्या तेव्हा सोनं फिकं पडावं, असं रूप आलं होतं. बुडाशी बघितलं. रेघा नव्हत्या. मी बोट फिरवलं, नख फिरवलं. काही नाही. मग मनाशी म्हटलं, त्यांच्याच पुंगळ्या आहेत, त्यांना ओळखू येतील. आणि सुपात तुमच्या चिरंजीवांनी दिवाळीला मुंबईहून आणलेल्या पाच कोऱ्या पुंगळ्या होत्या, त्यांच्यातच ह्या सहा ठेवून दिल्या.

सकाळी तुम्ही पडवीत भरायला बसला आहात. मी चहा घेऊन उभी आहे. तुम्ही सुपातून एक उचलता, अंगठा फिरवता, दुसरी उचलता, अंगठा फिरवता. "झकास दिसतायत," म्हणता. मग माझ्याकडे न बघता विचारता, "ह्या नव्यातल्या हायत काय?" भरताना तुम्ही कधी बोलायचा नाहीत, त्या दिवशी बोललात. मला फक्त "न्हाय" म्हणायचं होतं. पण न्हाय म्हटलं की पुढे वाळू सांगावी लागली असती, आणि बाहेर हाकेवाले जमले होते, साहेबांचा शिपाई येऊन बसला होता. मी म्हटलं, "असतील." तुम्ही चार भरल्यात. नवी पुंगळी जास्त सोसते म्हणून मोठ्या डुकरासाठी तुम्ही तिच्यात दारू थोडी वाढवून घालायचात. त्याही दिवशी वाढवलीत. मी चहा ठेवला आणि आत गेले.

दहाच्या सुमारास चौघांनी तुम्हाला खाली आणलं. डुक्कर पडलं होतं, पण पुंगळी बुडाशी फाटली होती आणि जाळ मागे आला होता. गाडी जुंपून श्रीवर्धनला डॉक्टरकडे नेलं. उजवा डोळा गेला. गावाने त्याच दिवशी निकाल लावून टाकला, की म्हाताऱ्याने साहेबासमोर दाखवायला दारू जास्त ठासली. वीस वर्षं ज्या हाताची खात्री सगळा गाव द्यायचा, तो हात एका सकाळीत खोटा ठरला. तुम्ही श्रीवर्धनला होता त्या तीन दिवसांत मी सुपातल्या उरलेल्या पुंगळ्या उचलल्या आणि राहाटाच्या विहिरीत टाकल्या. नव्यासुद्धा टाकल्या, नाहीतर जुन्या कुठे गेल्या असं कोणी विचारलं असतं.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही मला खाटेजवळ बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. विचारलंत, "सूनबाय, पिंपात तूसच होतं ना?" मी म्हटलं, "व्हय." तुम्ही खाटेच्या काठावर अंगठा घासत राहिलात. मला वाटलं, ओळखलंत. आजवर मी मनाला तीच समजूत घालत आले, की तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही सुनेला सांभाळून घेतलंत. ते खरं नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. म्हणालात, "मग मीच रेघ मारायला इसरलो." आणि पट्टीवरून हात फिरवलात.

बंदूक तुम्ही स्वतः जाऊन कचेरीत जमा केलीत. ते एकवेळ सोसलं असतं. पण त्यानंतर तुमचा तुमच्यावरचाच विश्वास उडाला, ते मी रोज बघत होते. वाडीचं बेडं, ते बांबूचं फाटक, लावून आलात तरी गड्याला पुन्हा पाठवायचात, बघ रे लावलंय का. पेरणीचं बियाणं तुम्ही मोजलेलं मला पुन्हा मोजायला लावायचात. एकदा औषध घेतलं की नाही म्हणून मला तीनदा विचारलंत आणि मग म्हणालात, "तुला इचारलेलं बरं. तू खोटं बोलायची न्हाय." मी चुलीकडे तोंड करून भाकरी उलटली. सहा वर्षं तुम्ही असे जगलात. सहा वर्षांत मला एक वाक्य सांगायला सवड मिळाली नाही, असं कसं म्हणू? रोज मिळत होती. लोक म्हणतात खाई त्याला खवखवे, पण माझं तर दुपारचं जेवणही कधी चुकलं नाही. मला लाज वाटते मामंजी. तुमच्या डोळ्यापेक्षा जास्त, तुम्ही बियाणं माझ्यापुढे सरकवायचात त्याची.

आज दुपारी सून झोपल्यावर मी पिंप उन्हात नेऊन उलटं केलं आणि आपटलं. तुम्ही ठोकलेल्या पट्ट्यांच्या सांध्यांतून चिमूटभर वाळू पडली. मी ती तळहातावर घेतली, आणि मग कागद घेऊन बसले. ही चिठ्ठी कुठे पोचायची नाही, तुमच्यापर्यंत तर नाहीच, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर लिहायचा धीर झाला. आता एकच सांगायचं राहिलं. हा दुसरा कागद आहे. पहिल्या कागदावर मी तुम्हाला लिहिलं होतं, की वाळू गड्याने घातली.